खोट्या सवाऱ्यांची खरी फेरी

मी एक जुनी प्रवासी व्हॅन आहे. 'बडनेरा स्टेशन ते अमरावती' असं माझ्या कपाळावर लिहिलं आहे. त्यातलं अर्धं उन्हानं उडालं. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या सीटा इतक्या मऊ होत्या, की लोक उतरायला नाखूश असत. आता ते चढायला नाखूश असतात.

मित्रांनो, आमच्या धंद्याची एक रीत आहे. भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि लोकांची एक खोड आहे. रिकाम्या गाडीत कुणी बसत नाही. या पेचावर माझा चालक देवमन यानं तोडगा काढला होता. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले रामराव रोज सकाळी पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसत. पिशवीत नुसती रद्दी. त्यांना पाहून खऱ्या सवाऱ्या चढत, आणि गाडी भरत आली की रामराव चहाला उतरत. सात वर्षं ते माझ्यात बसले, पण अमरावतीला एकदाही आले नाहीत. मात्र 'आता निघणारच' असा चेहरा ते इतका झकास करत, की मलाही आपलं इंजिन सुरू झाल्यासारखं वाटे.

गेल्या जानेवारीत एका रविवारी स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. देवमन घायकुतीला आला. त्यानं रामरावांच्या जोडीला बोरं विकणाऱ्या मनकर्णाबाईला, पानठेल्यावरच्या कुलदीपला, पंक्चरवाल्याला आणि मागच्या गाड्यांच्या दोन चालकांनाही माझ्यात कोंबलं. मग दोनतीन खरे प्रवासी आले, आत डोकावले आणि एवढ्या गर्दीत कोण बसणार, म्हणून रिक्षानं निघून गेले. देवमननं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात शालू नावाची मुलगी धापा टाकत आली. अकोल्याहून येणारी तिची रेल्वे उशिरा पोचली होती. नर्सिंगच्या भरतीची परीक्षा होती, केंद्राचं फाटक साडेनऊला बंद होणार होतं आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. एवढं सगळं तिनं एका दमात सांगितलं. उरलेली एकुलती एक सीट तिला मिळाली. ती बसली, आधीचे सहा बसलेलेच होते, आणि गाडी काही हलेना. नऊ वाजून गेले.

"गाडी तं भरली न भाऊ," ती म्हणाली. "मंग काहून थांबून राह्यले?"

देवमनला एकटीला नेणं परवडत नव्हतं, आणि बाकीच्यांना उतरवलं असतं तर बिंग फुटलं असतं. त्यानं रामरावांकडे पाहिलं. रामरावांनी पिशवी घट्ट धरली.

"काढ गाडी," ते म्हणाले. "मले आज अमरावतीले जा लागते."

"मलेबी," मनकर्णाबाई म्हणाली. तिची बोरांची टोपली तिकडे उघडी पडली होती.

मग काय, मी जीव खाऊन धावले. अमरावतीच्या राजापेठला पोचेपर्यंत माझी छाती भरून आली, पण थांबले नाही. फाटकाशी आलो तेव्हा चौकीदार ते ओढतच होता, आणि शालूला बॅगेत प्रवेशपत्र सापडेना. ती रडकुंडीला आली.

माझी मंडळी भराभर उतरली. खोटं बसण्यात मुरलेली माणसं ती, खोटं उभं राहणं त्यांना काय जड? सगळे पालक होऊन फाटकात उभे राहिले. मनकर्णाबाईनं वर्ग कोणता ते विचारलं, कुलदीपनं पाण्याची सोय विचारली आणि रामरावांनी पेपर केव्हा सुटतो ते दोनदा विचारलं. उत्तरं देता देता चौकीदाराचे हात फाटकावरच थांबले. इकडे प्रवेशपत्र सापडलं आणि शालू आत पळाली.

फाटक लावून चौकीदारानं वैतागून विचारलं, तुमची मुलं तरी कोणती?

सहाही जणांनी त्या एकाच पाठमोऱ्या मुलीकडे बोट दाखवलं.

"थे आमची हाये," रामराव म्हणाले.

पेपर सुटेपर्यंत कुणी परतायचं नाव काढलं नाही. मी तितका वेळ रिकामी उभी होते, आणि देवमननं सवारीसाठी एकदाही हाक दिली नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझं दार जरा हळू लावा, सीटचं रेक्झिन नखांनी उकरू नका. आणि एखाद्या एकट्या माणसाला वेळेवर पोचायचं असेल, तर गाडी भरली असं समजून निघा.