आतून पारखलेली काच

रामकिशन काचेच्या कामात पक्का होता, आणि तिथंच फसला.

लातूरच्या ज्या होस्टेलात त्यानं लेकीचं, शिवकन्येचं नाव घातलं, तिथल्याच अभ्यासिकेच्या खिडक्यांचं काम त्याला मिळालं. ऊन तापलं की आपोआप सावळी होणारी काच. खोली गार, एसीचा भार कमी. कारागीर तिला ‘शहाणी काच’ म्हणत. पोरीला गारवा मिळणार म्हणून रामकिशननं जीव ओतून काम केलं. भर दुपारी आत उभं राहून पाहिलं, तर काच गडद झालेली, तरी खालचा रस्ता स्वच्छ दिसत होता. तो खूश झाला. काचवाले कायम आतूनच पारखतात.

त्र्याण्णवच्या भूकंपात आठ वर्षांचा रामकिशन दगडमातीखाली गाडला गेला होता. त्यानं हाक दिली आणि त्याच्या आईनं, यशोदाबाईनं, नखं तुटेस्तोवर उकरून त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून घरात एकच कायदा: हाक आली की हातातलं टाकून धावायचं. होस्टेलात फोन मिळायचा तो वॉर्डनबाईंसमोर, भेट महिनाअखेरीस. म्हणून बापलेकीनं ठरवलं, सोसेनासं झालं तर रविवारी दोनला तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेच्या खिडकीत लाल ओढणी धरायची. ती दिसली की सामान उचलून घरी.

एप्रिलातले तीन रविवार तो निलंग्याहून एसटीनं आला. वर पाहिलं, तर काचेत नुसतं आभाळ. लाल रंग थोडाच लपणार आहे, पोर रमली, असं त्यानं मनाशी म्हटलं. तरी ती बघत असेल म्हणून हसून हात हलवायचा आणि परतीची गाडी धरायचा.

भेटीच्या दिवशी शिवकन्या खाली आली ती गालफडं बसलेली. ओढणी का धरली नाहीस, त्यानं विचारलं.

"धरली की. तिन्ही रविवारी," ती म्हणाली. "तुम्ही वर बघितलाव, हसलाव, हात हलवून गेलाव. मला आतून समदं दिसत होतं, आण्णा."

उन्हात ही काच बाहेरून आरसा होते, आतलं काहीच दिसत नाही, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. तिनं मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता.

"चल घरी."

"न्हाई. आता राहते मी."

ती वर गेली. दोन वाजले होते. रामकिशन रस्त्यावर येऊन वर बघत राहिला. काचेआड ती उभी होती की नव्हती, कळत नव्हतं. हात हलवायची त्याची छाती झाली नाही.