डाव्या खिशातला चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. चाकू म्हटले की तुम्ही दोन पावले मागे सराल, म्हणून आधीच सांगतो, मी आजवर कोणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. सफरचंदे सोलली, सुतळ्या कापल्या, पेन्सिलींना टोके काढली, एवढेच माझे पराक्रम. माझे पाते बोटाएवढे आहे. मुठीच्या दोन्ही अंगांना अक्रोडाचे गडद लाकूड जडवले आहे आणि त्यातून नासपतीच्या पिवळसर लाकडाची एक बारीक रेघ जाते. थोडा मिरवतो आहे, पण देखणा आहेच मी.

माझ्यात एक वेगळेपण आहे. घडीच्या चाकूचे पाते उघडण्यासाठी त्यावर नखापुरती खाच असते. ती बहुतेक चाकूंना उजव्या हाताच्या माणसांच्या सोयीने एका बाजूला कोरलेली असते. माझी खाच दुसऱ्या बाजूला आहे. ज्यांच्यासाठी मी घडलो ते काका डावखुरे. काकू स्वतः कारागिराकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आमचा माणूस उलटा आहे, तेव्हा चाकूही उलटाच करा." कारागीर हसला आणि त्याने मन लावून मला उलटे घडवले.

काकांचे चष्म्याचे दुकान होते. सकाळी फ्रेमांच्या खोक्यांवरच्या दोऱ्या मी कापायच्या. दुपारी मागच्या खोलीत काका सफरचंद सोलायचे, साल न तोडता, आणि मोठा अर्धा भाग काकूंना द्यायचे. सुट्टीच्या दिवशी माझ्या सांध्यात तेलाचा थेंब पडायचा आणि काचा पुसायच्या मऊ फडक्याने माझे लाकूड पुसले जायचे. एरवी मी त्यांच्या डाव्या खिशात असे. एखादे आजोबा भिंतीवरची अक्षरे वाचताना अडखळले, की काका घाई करत नसत. खिशात हात घालून माझ्या लाकडावरून अंगठा फिरवत उभे राहत. असे करता करता लाकडात अंगठ्याएवढा खळगा पडला. मला त्या खळग्याचा फार अभिमान होता.

एकदा एक गिऱ्हाईक मला पाहून म्हणाले, "असली वस्तू कोणी वापरतं का? काचेच्या कपाटात ठेवा."

"कपाटात ठेवला तर तो मला ओळखणार कसा?" काका म्हणाले.

काकू आतून म्हणाल्या, "मला एकवेळ कुठेतरी विसरून येतील, पण त्या चाकूला नाही."

काकांमध्ये खोट म्हणाल तर एकच, ते भलतेच भिडस्त होते. पाहुण्यांकडे भाजी अळणी असली तर तशीच खातील, पण मीठ मागणार नाहीत. काकू वैतागून म्हणायच्या, "भीड भिकेची बहीण असते. मागायला शिका जरा." काका मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा अळणी खायचे.

मग त्यांच्या लेकीला दूरच्या शहरात बाळ झाले आणि दोघे पहिल्यांदाच विमानाने निघाले. मोठ्या बॅगा आधीच विमानाकडे गेल्या होत्या. तपासणीच्या रांगेत काकांनी खिसे रिकामे केले, तेव्हा घड्याळाबरोबर मीही तबकात पडलो. मी खिशात आहे हे ते विसरले होते. आपल्याला कान आहेत हे कोणी रोज आठवते का, तसेच ते.

तिथला अधिकारी म्हणाला, "काका, हा आत नेता येणार नाही. इथे टाका, नाहीतर बाहेर कोणाकडे तरी देऊन या."

"दाराशी झाडांना पाणी घालणारी बाई होती ना, तिच्याकडे द्या," काकू म्हणाल्या. "दोन शब्द नीट बोललात तर ठेवेल ती."

काका मला मुठीत घेऊन बाहेर आले. हिरव्या एप्रनमधल्या माळीणबाई पाइप धरून उभ्या होत्या. काका त्यांच्याकडे दोन पावले गेले आणि थांबले. "कशाला उगीच त्यांना त्रास," असे स्वतःशीच पुटपुटले. माळीणबाईंची पाठ फिरली तेव्हा त्यांनी दाराजवळच्या कुंडीत मला खोचले, वर माती सारखी केली आणि हळूच म्हणाले, "येतो हं."

मातीत मी वाट पाहू लागलो. रोज पाणी यायचे. लाकूड फुगले, सांधा गंजू लागला. बाहेर चाकांच्या बॅगा खडखडत जायच्या आणि प्रत्येक खडखडाट मला काकांचाच वाटायचा. एक दिवस वरची माती हलली. ते आले असे वाटून मला कोण आनंद झाला. पण तो हात माळीणबाईंचा होता.

"कोणाचा गं हा?" त्यांनी झाडूवालीला विचारले. आणखी चार जणांना विचारले. कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांनी मला पुसले, तेल दिले आणि एप्रनच्या खिशात ठेवले. बाई चांगल्या, हातही मायेचा. फक्त खिसा परका होता.

आणि नेमके त्यानंतर काका आले. आवाजावरूनच मी ओळखले. ते त्या कुंडीत डाव्या हाताने मनगटापर्यंत माती उकरत होते. काकू सामान घेऊन पलीकडे गाडीपाशी थांबल्या होत्या.

"काका, कुंडीत काय करताय?" वर्दीतला रखवालदार जवळ आला.

माळीणबाईही आल्या. "काय पडलं, काका?"

मित्रांनो, मी त्यांच्या खिशात होतो, काकांपासून हातभर अंतरावर. काकांनी रखवालदाराच्या वर्दीकडे पाहिले. अशा ठिकाणी, अशा माणसासमोर चाकू म्हणायचे कसे, असे त्यांना वाटले असणार.

"किल्ली," ते म्हणाले. "घराची किल्ली."

माळीणबाईंनी बिचाऱ्यांनी सगळी कुंडी उपसली. "नाही हो, किल्ली नाही इथे. सापडली तर ठेवते हं जपून." काकांनी हात झटकले. त्यांचा डावा हात खिशात गेला आणि रिकाम्या खिशात अंगठा तसाच फिरत राहिला. मग ते गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे माणसे हसून म्हणतात. त्या वेळी कळशाला काय वाटते, हे कोणी विचारत नाही.

पुढे एका दुपारी माळीणबाई मला उघडण्यासाठी झटापट करत होत्या. शेजारी बसलेली झाडूवाली म्हणाली, "अगं, हा डावखुऱ्याचा आहे. खाच बघ कुठल्या अंगाला आहे ती."

माळीणबाईंनी मला डाव्या हातात घेतले. अंगठा खळग्यात बरोबर बसला. त्यांनी वळून दाराजवळच्या कुंडीकडे पाहिले.

"ते किल्लीवाले काका," त्या म्हणाल्या, "डाव्या हातानं उकरत होते."

"मग?"

"मग किल्ली नव्हतीच ती."

तेव्हापासून त्यांनी मला कामाला लावलेले नाही. तेल देतात, पुसतात, आणि विमान आले की बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी पाइप घेऊन उभ्या राहतात. लोक माणसांचे चेहरे शोधतात, त्या हात बघतात. मीही खिशात कान देऊन असतो. मला काकांची फार आठवण येते. सफरचंदाची आठवण येते, त्या मऊ फडक्याची येते.

मित्रांनो, आपली आवडती वस्तू मातीत लपवू नका, माणसाच्या हाती द्या. आणि तुमच्या ओळखीत कोणी डावखुरे चष्मेवाले काका असतील, बोलता बोलता त्यांचा अंगठा रिकाम्या खिशात फिरताना दिसला, तर त्यांना माझा एवढा निरोप सांगा. हिरव्या एप्रनमधल्या ताई दारातच उभ्या आहेत. त्यांना विचारा. फक्त या वेळी किल्ली म्हणू नका.