चाळीस मिनिटांचा तह

दर रविवारी दुपारी तीन वाजता राजवर्धन आमच्याशी बोलायचा. आमच्याशी म्हणजे अठरा जणांशी. त्या अठरांत मी एक, त्याची आई.

देवासला तो आणि त्याचे दोन मित्र मिळून फोनवरचा एक खेळ बनवत होते. सगळा मामला अवकाशातला. ग्रह मिळवायचे, त्यांवर खाणी लावायच्या, जहाजांचे ताफे धाडायचे, कुणाशी लढायचं, कुणाशी तह करायचा. बाजारात आणण्याआधी असा खेळ माणसांकडून खेळवून घेतात, चुका काढून घेतात, त्याला बीटा टेस्टिंग म्हणतात. हे मला अनन्यानं सांगितलं. अनन्या माझ्या दिरांची मुलगी. आम्ही सगळे धारला एकाच घरात राहतो.

"काकी, दादाला मोठ्या वयाचे पण टेस्टर पाहिजेत. तुमचं नाव देऊन टाकू?"

मी हो म्हटलं. मला ग्रह नको होते की खाणी नको होत्या. दोन वर्षं तो धारला आला नव्हता. सणाला फोन यायचा, "बरी आहेस ना?" "हो. तू?" "मस्त." संपलं. इथे निदान आठवड्याला तासभर त्याचा आवाज कानावर पडणार होता.

पहिल्याच रविवारी कळलं, तो खेळाडूंना गावावरून हाक मारतो. देवास, बागली, पीपलरावां. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, "धार, बोला." घरात तो मला अगं-तूगं करायचा. त्या 'बोला'नंतर मी पहिल्या दिवशी काहीच बोलले नाही.

पण मग लागले खेळायला, आणि नेमानं खेळले. मला नेमाशिवाय काही करता येत नाही. स्नान, जप, एकशे आठ वेळा नाम लिहिणं, आणि स्नानापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. एकवीस वर्षं हे चाललं आहे. ते आटोपलं की दुपारी पाऊण तास राजवर्धनचा खेळ. मी भटक्यांची बाजू घेतली होती, कारण त्यांना गाव नसतं, ते माल घेऊन या ग्रहावरून त्या ग्रहावर फिरतात आणि भांडायची त्यांना फारशी गरज पडत नाही. काय चुकतंय, कुठं अडतंय ते मी वहीत लिहून ठेवायची आणि रविवारी वाचून दाखवायची. तो म्हणायचा, "धारनं चांगलं टिपलंय." तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

आता तो का येत नाही, ते सांगते. ते मला माहीत होतं, आणि त्याला जे माहीत होतं ते चुकीचं होतं.

हे गेले तेव्हा राजवर्धन देवासलाच होता. यायला त्याला उशीर झाला; पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दहाव्याला आम्ही तळ्याकाठी पिंड ठेवून बसलो. हल्ली बायकाही जातात, मीही गेले होते. कावळा शिवेना. तास गेला, दुसरा तास गेला. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोलून दाखवा. कुणी म्हणालं घर नीट सांभाळू, कुणी म्हणालं अनन्याला शिकवू. कावळे झाडावर बसून राहिले. तेव्हा माझे दीर, मानसिंगराव, म्हणाले, "कसा शिवेल? ज्याच्या हातचं पाणी पाहिजे होतं, तोच वेळेवर आला नाही."

राजवर्धननं माझ्याकडे पाहिलं. "आई, तुलाही असंच वाटतं?"

मी बोलले नाही.

त्या दिवशी पहाटे मी मनाशी धरलं होतं, कावळा शिवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ह्यांना पुढची वाट सोपी जावी म्हणून. सुतकात देवपूजा नसते, नेम सगळे बंद असतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. मौनाला मात्र ना समई लागते ना देव, ते सुतकातही धरता येतं, हे त्याच्या ध्यानात कसं यावं? त्यानं माझं तोंड पाहिलं आणि ते उत्तर समजून मान खाली घातली. थोड्या वेळानं कावळा शिवला. त्यानं पुढचं सगळं तेराव्यापर्यंत नीट केलं, सर्वांना वाढलं, आणि चौदाव्या दिवशी सकाळच्या बसनं निघून गेला.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की. आमच्यात असं मानतात की असा धरलेला नेम बोलून दाखवला तर ज्याच्यासाठी धरला त्याला तो पोचत नाही. नेम न सांगता नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर तेव्हा गप्प का होतीस, हे त्यानं विचारलंच असतं. म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे, मग सांगेन. वर्षश्राद्ध त्यानं नेमावर गावी नर्मदेकाठी एकट्यानं उरकलं. घरी आलाच नाही. पुढे फोनवर सांगायचं म्हटलं तर "मस्त"च्या पुढे वाट सापडेना.

आणि आता खेळाची चाचणी संपत आली होती. मागच्या रविवारी शेवटची चर्चा. त्यानंतरच्या शनिवारी सर्व्हर बंद, आणि आम्ही अठरा जण आपापल्या घरी.

शेवटच्या चर्चेला पियुषनं आकडे काढले होते. पियुष राजवर्धनचा भागीदार, बोलतो कमी, मोजतो जास्त.

पहिली तोफ रुचीनं डागली. ती बागलीची, शाळेत गणित शिकवते, माझ्यासारखीच भटक्यांकडून खेळते. "नव्या अपडेटमध्ये भटक्यांची जहाजं का हळू केली? बैलगाडी बरी. मी माल घेऊन पोचते तोवर ग्रहावरची माणसं म्हातारी होतात."

"बॅलन्ससाठी," पियुष म्हणाला. "भटके फार आक्रमक निघालेत. तहाचे सर्वांत जास्त प्रस्ताव त्यांनी धुडकावले."

"मी एक पण नाही धुडकावला!"

"तुम्ही नाही. धार. एकोणसाठ प्रस्ताव आले, पन्नास नाकारले. सर्व खेळाडूंत पहिला नंबर."

"अरे भिया!" हा संग्राम; इकडे भावाला भिया म्हणतात. देवासला त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान उघडण्याआधी खेळतो आणि सगळ्यांवर चाल करून जातो. "काकीजींना हलक्यात घेऊ नका. बोलतात इतकं गोड, की वाटतं प्रसाद देतील. आणि मी सकाळी सकाळी हात जोडून तह मागतो, तर एकदम खल्लास, जवाबच नाही. मग काय, मला नाइलाजानं त्यांचे तीन ग्रह घ्यावे लागतात. सॉरी हं, काकीजी."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला एकदम उमगलं, काय झालं ते.

या खेळात तह मागितला की समोरच्याच्या पडद्यावर चाळीस मिनिटांचं घड्याळ लागतं. तेवढ्यात हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. काहीच म्हटलं नाही, तर खेळ ते 'नाही' धरतो, आणि मागणाऱ्याला हल्ला करायची मोकळीक मिळते.

"मी एकदाही नाही म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"काकीजी, थोडं जोरात," संग्राम म्हणाला.

"मी एकदाही नाही म्हटलेलं नाही. संग्राम सकाळी तह मागतो. साडेसात ते साडेनऊ माझं मौन असतं. फोन बाहेरच्या खोलीत असतो. मी येऊन बघते तेव्हा तीन ग्रह गेलेले असतात."

मग रुची म्हणाली, "म्हणजे काकींच्या पूजेपायी माझी जहाजं हळू झाली?"

"हो बेटा. चूक झाली."

"चूक कसली काकी, कमाल आहे!" ती खळखळून हसली. "पियुष भिया, तुमच्या आकड्यांना आंघोळ घाला."

पियुष पुटपुटला, जहाजांचा वेग पुन्हा पहिल्यासारखा करतो. पण राजवर्धन म्हणाला, "वेग करू. नियम मात्र तोच राहील. समोरचा ताफा घेऊन उभा आहे, त्याची माणसं उभी आहेत. तो किती थांबणार? उत्तर आलं नाही म्हणजे नकार. दुसरं काय समजायचं त्यानं?"

त्याचा आवाज चर्चेतला नव्हता. मला तो ओळखू आला.

"प्रत्येक वेळी नकार नसतो," मी म्हणाले.

"मग ओळखायचं कसं, धार?"

"पुन्हा विचारायचं."

"एकदा विचारायलाच माणसाला..." तो थांबला. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. "एकदा विचारलं की झालं."

सतरा माणसं ऐकत होती. पण आज नाही तर शनिवारनंतर कुठं? मी वही मिटली आणि म्हणाले, "त्या दिवशी पहाटे मी मनाशी धरलं होतं, कावळा शिवेपर्यंत बोलायचं नाही. म्हणून बोलले नाही. मला तसं वाटलं नव्हतं. तेव्हाही नाही, आताही नाही. एवढंच माझं निरीक्षण आहे."

मग संग्राम चाचरत म्हणाला, "कावळा? भिया, हा कावळा कोणत्या अपडेटमध्ये आला? माझ्याकडे तर दिसतच नाही."

कुणी हसलं नाही. राजवर्धनच्या नावापुढची ती लहानशी खूण, माणूस बोलायला लागला की हिरवी होते ती, हिरवी होऊन पुन्हा विझली. दोनदा. शेवटी पियुष म्हणाला, "पुढचा मुद्दा, खाणींचं उत्पन्न," आणि चर्चा पुढे गेली. शेवटी सगळ्यांचे आभार पियुषनंच मानले.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. अनन्यानं विचारलं, "दादा काही बोलला का?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं परत विचारलं नाही, माझ्या ताटावर झाकण घालून ठेवलं.

सोमवारी सकाळी मी देवघरात होते. जप झाला होता, नाम लिहायचं आणि दुधाची वाटी देवापुढे ठेवायची राहिली होती. तेवढ्यात अनन्या दारात आली. मौनात मला कुणी हाक मारत नाही. तिनं वाजणारा फोन नुसता पुढे केला. पडद्यावर राजवर्धनचं नाव होतं. मी घेतला आणि कानाला लावला.

"आई," तो म्हणाला. "आठ चाळीस झालेत. तुझं मौन चालू असणार, म्हणूनच आत्ता केला. तू बोलू नकोस. तू बोललीस तर मला बोलता यायचं नाही."

मी पाटावर बसून राहिले.

"बाबांच्या शेवटच्या दिवशी दुपारी तू त्यांच्या कानाशी फोन धरला होतास. आठवतं? मी म्हणालो, मीटिंगमध्ये आहे बाबा, नंतर करतो. त्यांचा श्वास ऐकू येत होता मला. तरी ठेवला. काका जे बोलले ना, ते मी आधीच स्वतःला दहा दिवस बोलत होतो. तुझ्याकडे पाहिलं ते यासाठी, की तू तरी नाही म्हणशील. तू गप्प. म्हटलं, बस, आईनंही तेच खरं मानलं."

त्याचा आवाज मधूनच जात होता. देवासच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. तो बहुतेक बाहेर येऊन उभा होता.

"रात्रभर तो नियम बदलत बसलो होतो. पियुष म्हणतो, आता बदललास तर सगळं मोडेल. मोडू दे." तो थोडा थांबला. "आई, शनिवारी येऊ का? काकांसमोर कसं उभं राहू, माहीत नाही. पण तुला चालेल का, तेवढं... म्हणजे आत्ता नको सांगूस. साडेनऊनंतर सांग. मी थांबतो."

समईची ज्योत स्थिर होती. वाटीतल्या दुधाचा नैवेद्य अजून दाखवला नव्हता. एकवीस वर्षांत मी या वेळेला एक अक्षर बोललेली नाही. ताप असताना नाही, ह्यांना दवाखान्यात हलवलं त्या सकाळीसुद्धा नाही. साडेनऊला पन्नास मिनिटं उरली होती. तो थांबला असता, मला खात्री आहे. पण एकदा मी त्याला थांबायला लावलं होतं.

"ये," मी म्हणाले.

"अगं... आई, तुझा नेम!"

"देवाला मी सांगते काय सांगायचं ते. काकांना पण सांगते. तू ये. इंदूरला बस बदलशील तेव्हा फोन कर."

तिकडून नुसता श्वास, आणि मागे गाड्या. दारात अनन्या अजून उभीच होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. मी तिला खूण केली, तू जा, आणि फोन तसाच कानाशी घट्ट धरून बसले.