मी पू नाही

मी एक जुनी पट्टी आहे. जुनी म्हणजे तीन दिवसांची. जखमेवर बसणारीला एवढं म्हातारपण पुष्कळ झालं. सध्या मी दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत पडले आहे. मित्रांनो, हळहळू नका. मला तुमची कीव नको. मला माझं म्हणणं मांडायचं आहे आणि ते मी मांडणारच.

माझा जन्म थंड समुद्रातला. मी तपकिरी शेवाळ होते. किनाऱ्यावर येणारी माणसं शिंपले वेचून खिशात घालायची आणि मी पायाला लागले की "शी" म्हणून झटकायची. माझा बुळबुळीतपणा त्यांना नको होता. पण त्याच बुळबुळीतपणाच्या जोरावर मी लाटांचे तडाखे खाल्ले. खडक झिजले, मी तुटले नाही. तो बुळबुळीतपणा म्हणजे माझी साखर. चहात विरघळते ती नव्हे. माझ्या साखरेचे कण एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या करतात आणि त्या साखळ्या पाणी धरून ठेवतात. आमच्या नात्यागोत्यात असे बरेच आहेत. लाल शेवाळाची साखर प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीत गोठून बसते. खेकड्याच्या कवचातून निघणारी वाहतं रक्त थांबवते. तुम्ही खेकडा खाता आणि कवच फेकता. असो.

मला कापलं, धुतलं, सोड्याच्या पाण्यात शिजवलं, गाळलं. मग बारीक भोकांतून कॅल्शियमच्या पाण्यात सोडलं. तिथे माझे पांढरे धागे झाले. धाग्यांची मऊ, लोकरीसारखी पट्टी झाली. पाकिटात बंद होऊन मी एका घरातल्या टेबलावर येऊन पडले.

ते घर शिवणकाम करणाऱ्या बाईचं. खिडकीशी पायाचं मशीन, भिंतीवर खुंटीला टांगलेले अर्धवट झगे. बाईला मधुमेह. पावलांना काही कळायचं बंद झालं होतं. चपलेतला खिळा वर आला तरी तिला पत्ता लागला नाही. तो अंगठ्याखाली रुतत राहिला आणि तिथे खोल, सतत पाझरणारी जखम झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारी बघतो. अशीच राहिली तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागतील."

माझ्याच खोक्यातली एक बहीण आधी त्या जखमेवर बसली. घरी येणाऱ्या सिस्टरने ती बसवली, "मी येईपर्यंत उघडू नका," म्हणाली आणि घाईत निघून गेली. दुसऱ्या दिवशी बहिणीने जखमेचं पाणी पिऊन पिऊन जेली केली. पिवळट, चिकट, जरा वास येणारी. बाईच्या थोरल्या भावाने ते पाहिलं.

"पू झालाय," तो म्हणाला.

"मामा, सिस्टर म्हणाल्या होत्या, उघडू नका," बाईची मुलगी म्हणाली.

"सिस्टरचा पाय आहे का? जखम कोरडी पाहिजे. कोरडी झाली की बरी झाली."

त्याने माझी बहीण ओरबाडून काढली, जखमेवर पावडर ओतली आणि पाय पंख्यासमोर ठेवला. संध्याकाळी वरून खपली, आतून घाण. मी पाकिटातून सगळं ऐकलं. काय करणार? पाकिटाला तोंड नसतं.

सिस्टर आली. तिने वाकून खपली पाहिली. "पावडर कुणी मारली?"

"पू होता," मामा म्हणाला.

"पू नव्हता तो. पट्टी पाणी पिते आणि जेली होते. तेच तिचं काम." मग म्हणाली, "चूक माझीही आहे. कशी दिसेल ते सांगायला हवं होतं."

"कशाची असते ही?"

"समुद्री शेवाळाची. त्यातल्या साखरेची."

"वा! बाईला चहा फिका आणि पायाला साखर."

"ही रक्तात जात नाही हो, मामा. खाल्लीत तरी पचायची नाही."

तिने खपली भिजवून काढली, जखम धुतली आणि मला आत बसवलं. या वेळी नीट सांगितलं, "पिवळी होईल, बुळबुळेल. हात लावायचा नाही. ताप आला, लाली पसरली, पाय सुजला, तर मला लगेच फोन."

मी कामाला लागले. माझ्यातलं कॅल्शियम जखमेला दिलं, तिचं पाणी मी घेतलं, आणि मी जेली झाले. अगदी माझ्या बहिणीसारखी. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा वाकला.

"परत तेच. कात्री आण गं."

"कात्री माझ्याकडे आहे, दादा," बाई म्हणाली. खरंच होती. कापड कापायची, मोठी.

"अगं, पाय जाईल."

"गेला तर माझा जाईल. ताप बघ. लाली बघ. आहे का?"

"नाही."

"सूज?"

"नाही. पण बाबांचा पाय असाच गेला. मी बघत बसलो होतो."

बाईचा आवाज खाली आला. "म्हणून तर म्हणते, बघत बस. नीट बघ. पण हात लावलास तर याद राख, तुझा शर्ट शिवायला आलाय माझ्याकडे. एक बाही आखूड शिवीन."

मामाने खुर्ची ओढली आणि थर्मामीटर हातात घेऊन पायाशी बसला. मी त्याच्या डोळ्यांसमोर पिवळी होत राहिले. मला लाज वाटली नाही.

शुक्रवारी दवाखान्यात सिस्टरने माझ्यावर मिठाचं निर्जंतुक पाणी सोडलं. मी ओढाताण न करता सुटले. माझ्याखाली लाल, ओलसर, दाणेदार मांस होतं. जिवंत. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले. "बोटं राहू द्या," म्हणाले.

"मशीन कधी चालवू?" बाईने विचारलं.

"इतक्यात नाही. या पायावर जोर नको."

"मग डाव्याने चालवते."

डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. माझं इथे कुणी ऐकत नाही."

आणि मला पिशवीत टाकलं. टाकू दे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज त्यांची पावलं उलटून बघा. चपलेत हात घालून बघा. समुद्रात तुमचं सांडपाणी सोडणं थांबवा. घाण तुम्ही करता आणि नाक मात्र आम्हाला बघून मुरडता. बुळबुळीत दिसलं की घाण, ही अक्कल जरा बाजूला ठेवा. आधी विचारा, हे इथे काय करतंय?

ती जखम अजून भरायची आहे. माझ्या जागी माझी दुसरी बहीण बसली आहे. उद्या तीही पिवळी होईल, चिकट होईल, तिलाही वास येईल. तिला तिचं काम करू द्या.