धुळीची रेघ

चाळिसावं पेंडंट काकांनी संग्रहालयाच्या दुकानाला दिलं नाही. पण ते अजून घडायचंय असं समजू. आत्ता काका पाण्याच्या धारेखाली बारीक करवत चालवताहेत आणि पुतणी शेजारी श्वास घ्यायचं विसरून उभी आहे.

करवतीखालचा तुकडा दोनशे वर्षं एका जुन्या चित्रशाळेच्या भिंतीच्या नोकरीत होता. तिथला चित्रकार रोज संध्याकाळी पॅलेटवर उरलेला रंग खरवडून खिडकीशेजारच्या भिंतीला पुसायचा. त्याचा चार बोटं जाड थर साचला. डागडुजीत भिंत पडली आणि थर संग्रहालयाच्या कार्यशाळेत, म्हणजे काकांच्या टेबलावर आला. त्यातून दुकानासाठी चाळीस पेंडंट करायची होती, आज पाचपर्यंत. नाहीतर पुढची कामं बाहेर जाणार होती.

शेवटचा तुकडा उकलला. निळीवर तांबडी, तांबडीवर हिरवी, केसाएवढ्या शेकडो रेघा. एक रेघ, एक दिवस.

"काका, हा माणूस कधी सुट्टी घ्यायचा की नाही?"

"तुझ्यासारखा नव्हता तो."

मग काकांचं बोट थांबलं. मध्येच एक करडी रेघ होती.

"हा कुठला रंग?"

काकांनी भिंग धरलं. बराच वेळ धरलं.

"रंग नाही. धूळ आहे. वर्षभराची तरी असेल."

धुळीच्या वर पिवळ्याचा एक पुसट ओरखडा होता. त्यानंतर पुन्हा निळं, तांबडं, सगळं.

पुतणीनं भिंगावरून काकांकडे पाहिलं. काकू गेल्यावर चौथ्या दिवशी काका कामावर आले होते. इथं गार वाटतं, म्हणाले होते.

दुकानाच्या मॅडम आल्या. त्यांनी तुकडा उजेडात धरला.

"मधली घाण कापून टाका ना. दोन छान पीस निघतील. एक जास्तीचाच मिळेल."

"निघतील," काका म्हणाले आणि त्यांनी करवतीचं बटण बंद केलं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं, एकोणचाळीस डब्या उचलल्या आणि एक फॉर्म ठेवून गेल्या. 'तुटीचे कारण' या रकान्यात जेमतेम दोन शब्द मावले असते. पुतणीनं कागद उलटा करून दिला. काकांनी चष्मा पुसला आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

'सदर चित्रकार अंदाजे एक वर्ष कामावर येऊ शकले नाहीत. त्यांची रजा पूर्वलक्षी प्रभावाने, भरपगारी मंजूर करण्यात यावी व मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत सदर नग कापण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'