काचेखालची जेटी

मित्रांनो, मी एक जुने मॉडेल आहे. रॅम्पवर ऐटीत चालतात तसले नव्हे, मला पायच नाहीत. मला आहेत एकोणीस टॉवर, दोनशे बारा व्हिला, स्पंजची हिरवी झाडे आणि निळ्या ॲक्रिलिकचा एक समुद्र. मी टेबल टेनिसच्या टेबलाएवढे शहर आहे. गंमत बघा, मी म्हातारे झाले, पण मी ज्याचे मॉडेल आहे ते शहर अजून जन्मलेच नाही.

मला कैलासने घडवले. तो देवगडकडचा सुतार, बहरीनला, मनामातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि अरादला चौघांत एक खोली घेऊन राहायचा. माझी झाडे चिकटवताना तो श्वास रोखून धरायचा, कारण जोरात श्वास सुटला की अख्खी बाग उडून जायची. इतक्या मायेने घडवल्यावर कोणीही थोडे शेफारणारच. मीही शेफारले.

मग मी ते शहर बांधू पाहणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेले. वर काच, आत दिवे. लेस्टर नावाचा सेल्स मॅनेजर गिऱ्हाइकांना माझ्याभोवती फिरवायचा. तो वसईचा, पाचूबंदरचा. त्याच्या वडिलांची स्वतःची बोट होती, पण हे तो गिऱ्हाइकांना सांगत नसे. त्यांना तो सांगायचा, "तेल एक दिवस खलास होणार. समुद्र कुठे जातोय?" लोक हसायचे, माझे फोटो काढायचे. मलाही ते वाक्य फार आवडायचे. तो समुद्र कोणाचा, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

कारण जिथे माझे टॉवर होते, तिथे खरे तर पाणी होते. ते वाळूने भरायचे आणि त्यावर मी उभे राहायचे, असा बेत होता. त्या पाण्याच्या काठाला मासेमारांचे एक गाव होते. माझ्यात ते नव्हते. गावाने सह्या करून हरकत घेतली होती, आणि ती मागे घेतल्याशिवाय वाळूची जहाजे येऊ शकत नव्हती. तेव्हा वरून हुकूम आला, मॉडेलमध्ये गावासाठी एक जेटी दाखवा आणि त्यांना बोलवा.

कैलासने काड्यापेटीच्या काड्यांची जेटी केली. खजुराच्या झावळीचे साल तासून एक बोट केली आणि जेटीला लावली. लेस्टर वाकून बघू लागला.

"अरे, स्केलने ही बोट चार मजली बिल्डिंगीएवढी झाली."

"बारीक केली तर त्यांना दिसणार नाही, सर. त्यांना तेवढीच तर बघायची आहे."

दुसऱ्या दिवशी नुमान आला. गावातला सर्वात जुना मासेमार, सह्यांच्या कागदावर पहिले नाव त्याचे. त्याने टॉवरकडे ढुंकूनही पाहिले नाही. सरळ बोटीपाशी आला आणि हसला. रिसेप्शनवरची सुरैया त्याच्यासाठी कॉफी घेऊन आली. ती इथलीच, बहरीनची. नुमानने कप घेतला आणि न पिता माझ्या काचेवर ठेवला. त्याची ऊब मला अजून आठवते.

"पहले बात," तो म्हणाला. जन्मभर हिंदी खलाशांबरोबर जाळी ओढून त्याची हिंदी लेस्टरच्या हिंदीपेक्षा बरी झाली होती. "ये जेटी हमारा?"

"आपकाही है, चाचा."

"बीच में दीवार नहीं आएगा? बोट सीधा पानी में?"

"इंशाल्ला, इंशाल्ला. आप कॉफी पियो, ठंडी हो रही है."

नुमानने त्याच्याकडे नीट पाहिले. मग कप उचलला, दोन घोटांत संपवला, बस झाले म्हणून हलवून सुरैयाला परत दिला आणि गेला.

दार लागताच सुरैया म्हणाली, "तुम्ही त्याला प्या म्हणालात."

"मग? पाहुणा आहे."

"आमच्याकडे काही मागायला आलेला माणूस कप खाली ठेवतो. प्या म्हटलं की मागणं मान्य झालं. तुम्ही शब्द दिलात, सर."

लेस्टर हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला. "मला काय माहीत?"

"आता माहीत झालं ना? तो अजून लिफ्टची वाट बघतोय."

लेस्टर काचेच्या दारातून बघत राहिला. बाहेर नुमान उभा होता, पाठीमागे हात बांधून, एकदम खुशीत. लिफ्ट आली. तो आत गेला. दिव्याचे आकडे उतरत गेले. "वर विचारून बघतो," लेस्टर म्हणाला. त्याने विचारले नाही. सुरैयाने कप धुवून ठेवला.

आठवड्यात हरकत मागे घेतली गेली. गावच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीत, नुमाननेच सर्वांना सांगितले म्हणे, की शब्द मिळाला आहे. लगेच वाळूची जहाजे आली. आणि मग वरून दुसरा हुकूम आला: जेटीच्या जागी क्लबचा खासगी किनारा येणार, ती काढा.

कैलास ब्लेड घेऊन आला.

"सर, दहा मिनिटांचं काम आहे. पण मी त्या म्हाताऱ्याला बघितलंय."

"मीपण बघितलंय. काढ."

"तुमच्या पाचूबंदरला कोणी असं केलं असतं तर?"

लेस्टर गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला. "तिथे मी नोकरीला नाही," तो म्हणाला. मग जरा हळू, "आणि तुझा व्हिसा कोणाच्या हातात आहे ते आठव."

कैलासने ते आठवले. जेटी निघाली, पण माझ्या समुद्रावर एक लांब ओरखडा आणि दोन भोके राहिली. बोट त्याने शर्टाच्या खिशात टाकली.

त्यानंतर वर्षभरातच जगाचा पैसा आटला म्हणतात. गिऱ्हाइके यायची थांबली. माझे दिवे गेले. लेस्टर एक दिवस आपले कार्ड जमा करून निघून गेला. मी स्टोअररूममध्ये पोहोचले, अंगावर जुने पडदे. पंधरा वर्षे! सुरैया फाइल शोधायला यायची आणि फोनवर बोलायची, त्यातून मला कळायचे. समुद्र बुजला, वर काहीच उगवले नाही. वाळूला कुंपण घातले. गेटवर वॉचमन म्हणून बसवला कोणाला, तर नुमानला. गावातल्या पोरांना गळ घेऊन आत सोडायचे नाही, ही त्याची ड्यूटी. त्या पोरांत एक त्याचा नातू. नुमानची बोट कुंपणाबाहेर उभी आहे आणि पाणी तिच्यापासून दीड किलोमीटर लांब.

या वर्षी ऑफिस रिकामे झाले. सुरैयाने कैलासला फोन केला आणि तो मला भक्तीच्या, इथल्याच भारतीय मुलांच्या शाळेत घेऊन आला. भक्ती त्याची मुलगी, दहावीतली. प्रदर्शनाचा विषय होता 'विकास'.

"पप्पा, सो क्यूट!" भक्तीने पडदा काढला आणि लगेच निळा रंग शोधू लागली. "हा स्क्रॅच मी गायब करते."

कैलासने हत्यारांच्या पेटीतून ती बोट काढली. भक्तीने डिंकाची ट्यूब उघडली.

"नको," तो म्हणाला.

"का? इथलीच आहे ना ती?"

"एकदा लावली होती. ती बघून एक माणूस कॉफी प्याला."

मग त्याने सगळे सांगितले. आपल्या हातातले ब्लेडसुद्धा लपवले नाही. भक्तीने डिंकाची ट्यूब बंद केली.

तिने रंग लावला नाही. बोट काचेबाहेर, टेबलाच्या कडेला ठेवली आणि काचेवर एक भरलेला कप. दुपारी प्रिन्सिपल बाई आल्या.

"हा कप कोणाचा? गार झालाय, उचला."

"उचलायचा नाही, मॅडम," भक्ती म्हणाली. "एका माणसाला अजून उत्तर द्यायचं राहिलंय."

मित्रांनो, माझी धूळ झटका, माझे टॉवर सरळ करा, मला बरे वाटेल. पण तो ओरखडा बुजवू नका, माझ्या अंगावर तेवढेच खरे आहे. आणि कोणी तुमच्यासमोर कप न पिता खाली ठेवला, तर 'प्या, गार होतेय' म्हणायची घाई करू नका. त्याला काय हवे आहे ते विचारा. देता येणार नसेल, तर तो दारात उभा असतानाच सांगा. लिफ्ट फार लवकर खाली जाते.