परक्या हातचं पाणी

पेडगावच्या चावडीसमोर भुऱ्या साखळीला बांधला होता आणि दिनकरराव पाटलांची बंदूक भरलेली होती. निजाम सरकारनं ती पाटलांना रानडुकरांसाठी दिली होती. डुक्कर काही त्यांच्या हातून कधी मेलं नाही, पण बांधलेलं कुत्रं थोडंच चुकणार होतं?

पहाटे पिसाळलेला कोल्हा मेंढवाड्यात शिरला आणि भुऱ्यानं त्याला लोळवलं. कोल्हा त्याला चावला की नाही, हे कुणी पाहिलं नव्हतं. तरी गावानं भुऱ्याला पिसाळलेला ठरवून टाकलं. गावाचं काय, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

भुऱ्या म्हणजे बानूबाई धनगरणीचे डोळे. देवीच्या साथीत लहानपणीच तिची नजर गेलेली. पिल्लू असल्यापासून तिनं त्याला शिकवलं होतं. गळ्यातल्या दोरीचं टोक तिच्या हातात, वाटेत दगड आला की थांबायचं, विहिरीच्या कडेला आडवं व्हायचं. त्याच्या जोरावर ती एकटी मेंढरांमागं हिंडायची. तो गेला, की पुन्हा भिंतीला टेकून भावजयीनं सरकवलेल्या ताटाची वाट बघणं आलं.

मानवतच्या कापूस व्यापाऱ्यांनी धर्मादाय म्हणून पांजरपोळ काढला होता, थकल्याभागल्या जनावरांसाठी. त्याचे मुनीम चंद्रभान गावातला एक लंगडा बैल न्यायला आले होते, ते या भानगडीत सापडले.

"पाटील, जीव घेऊ नका. आमच्याकडं द्या. पिंजऱ्यात ठेवून बघू."

"पाणी ठिवा म्होरं," पाटील म्हणाले. "पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितंय. प्यालं तर घिऊन जावा. न्हाई प्यालं तर आमी हाव की."

मुनिमांनी पाण्याची परात सरकवली. भुऱ्यानं हुंगलं, तोंड फिरवलं आणि दात काढून गुरगुरला. माणसं मागं सरली. पाटलांनी बंदूक खांद्याला लावली.

गर्दीतून बानूबाई ओरडली.

"थांबा पाटील! त्यो माज्यामुळं पिईना!"

मेंढरं चोरणारे विषाचा तुकडा टाकतात, म्हणून धनगर कुत्र्याला परक्या हातचं घेऊ देत नाहीत. शेजाऱ्याच्या हातून त्याला मिरची भरलेली भाकर चारायची, पाण्यातही मिरची कालवून पाजायची, पुरती अद्दल घडेपर्यंत. बानूबाईनं हे सगळं मोठ्या हौसेनं केलं होतं, आणि तीच हौस आता भुऱ्याच्या जिवावर उठली होती.

"जीव वाचवायला कायबी सांगायलीस," पाटील म्हणाले.

"मग मी पाजते त्याला."

तिच्या भावानं, मल्हारीनं, तिचा दंड धरला. "आक्का, येडी झालीस का? खरंच पिसाळलं असलं तर? हात फुटलेत तुजे, नुसती लाळ लागली तरी मरशील."

ते तिलाही कळत होतं. भुऱ्याची असली गुरगुर तिनं कधी ऐकली नव्हती. कोल्हा खरंच चावला असेल तर? पण आपण शिकवलं म्हणून तो मेला, हे तिला जन्मभर सोसवलं नसतं.

"सोड, मल्हारी."

साखळीच्या आवाजावर ती पुढं झाली, परात चाचपली आणि ओंजळ भरून धरली. गुरगुर थांबेना. गरम श्वास मनगटाला लागला.

"पी रं लेकरा."

खरबरीत जीभ तळव्याला लागली. लप लप, लप लप. ओंजळ रिकामी झाली, तिनं पुन्हा भरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पाटलांनी बंदूक उतरवली. "मुनीम, तरीबी ह्याला गावात ठिवू नका. महिनाभर तिकडंच बांधा."

"अगदी," मुनीम खुश होऊन म्हणाले. "दूधभाकर घालू. बाई, काळजी करू नका."

"कोन घालनार?" बानूबाईनं विचारलं. "गोळी चुकली, आता उपाशी मारता का? तुमच्या हातचं त्यो खायचा न्हाई."

मुनिमांनी पाटलांकडं पाहिलं.

"मला बी न्या."

"बाई, पांजरपोळात माणसं ठेवता येत नाहीत. शेटजी काय म्हणतील?"

"आंधळं जनावर घेता न्हवं?"

"घेतो."

"मग तेच समजा," असं म्हणून तिनं साखळी सोडवून मनगटाला गुंडाळली आणि मुनिमांची गाडी कुठं आहे ते मल्हारीला विचारलं.